माळकऱ्यांच्या पंगतीतले बारा डबे

उस्मानपुरा, औरंगाबाद
१८ सप्टेंबर १९८९

दादास,

बानाचा नमस्कार. भागूवहिनीला नमस्कार. मेंढरं धडधाकट आहेत आणि तुझा गुडघा दुखायचा थांबला आहे, असं मी इथं बसून ठरवून टाकलं आहे, कारण तू काही कळवणार नाहीस. जे तुला हे पत्र वाचून दाखवत आहेत, त्यांनाही वाकून नमस्कार.

वाचणारे कोण, ते मला माहीत आहे. तुला अक्षर येत नाही, वहिनीला येत नाही, पोरं सोयगावला शाळेत. वस्तीवर वाचता येतं ते एकट्या तात्यासाहेबांना. म्हणजे माझ्यावर रागावलेला तू, आणि ज्यांच्यापायी रागावलास ते आपले चुलते, असे दोघं शेजारी बसून माझं पत्र ऐकणार. बरंच झालं. एका पाकिटात दोन माणसं गाठली.

आता मुद्द्याचं. एकतीस ऑक्टोबरला भाऊबीज आहे. तीन भाऊबिजा तू आला नाहीस. मी दरवर्षी ताट मांडते, पाट ठेवते, आणि दुपार टळली की तुझे दाजी म्हणतात, "उचल आता." यंदा मी उचलणार नाही. तू येशील.

तुझी शपथ मी विसरलेले नाही. पीराच्या कंदुरीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी मेंढरं कोंडायच्या वाघुरीपाशी उभा राहून तू म्हणालास, "तात्यांच्या गळ्यात परत माळ दिसल्याबिगर तुझा उंबरा चढणार नाय." मी तेव्हा सांगितलं की माझ्या डब्यात सोयाबीन होतं, दुसरं काही नव्हतं. आजही तेच सांगते. ते बारा डबे मी माझ्या हातानं भरले. कंपनीतल्या वच्छलाबाईनं माझ्यासमोर झाकणं बसवली. वाफेच्या टाकीतून काढून मोजून मीच पिशवीत घातले. त्या डब्यांत मटणाचा कणसुद्धा असता, तर मी आज चिकलठाण्याला त्याच कंपनीत चवीच्या टेबलावर बसले नसते.

हो, हे तुला माहीत नाही. आता मी डबे धूत नाही. माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय एक पेटी बाहेर जात नाही, असा मालकांचा, काकासाहेबांचा हुकूम आहे. तू हसला होतास, मेंढरं राखणाऱ्याची पोर सोयाबीनचं मटण विकते म्हणून. अरे, खरं मटण कसं लागतं हे ज्याला माहीत नाही, त्यानं खोटं करावं तरी कसं?

तुझ्याकडच्या बातम्या मला तुझ्या दाजींकडून कळतात. एसटीचा कंडक्टर नवरा असण्याचा एवढा तरी उपयोग. तात्या भजनाला जातात, पण मागं बसतात, वीणा हातात घेत नाहीत, असं फर्दापूरच्या स्टँडवर कोणीतरी बोललं. ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तुझी,
बाना


उस्मानपुरा
३० सप्टेंबर १९८९

दादास नमस्कार, वहिनीला नमस्कार, वाचणाऱ्यांना नमस्कार.

पत्राचं उत्तर नाही. हरकत नाही, मी आहे अजून.

तुझ्या दाजींच्या हाती एक डबा पाठवला आहे. फर्दापूरला स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवतील. उचल किंवा उचलू नकोस. तिथल्या एका हॉटेलात माझे डबे जातातच. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांत मांस न खाणारे गोरे निघतात, त्यांना ते वाढतात. माझे डबे तुझ्या वस्तीपासून चार मैलांवर पोचतात, आणि मला मात्र यायची बंदी.

कंदुरीबद्दल आजवर मला कोणी धड बोलू दिलं नाही. तू ओरडलास, मी ओरडले, वहिनी रडली, आणि मी एसटीत बसले. आता पत्रात मला कोणी अडवू शकत नाही, म्हणून माझी बाजू सांगते.

मेंढरांवर रोग आला होता, तू टेकडीवरच्या पीराला बोकड बोललास, रोग गेला, तू कंदुरी केलीस. दीडशे माणूस. त्यांत माळ घातलेले नऊ. माळकऱ्यांची चूल वेगळी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, हे लहानपणापासून बघत आले. आणि हेही बघत आले, की त्या चुलीवर काय शिजतं. पातळ वरण आणि वांगं. अख्ख्या टेकडीवर मटणाचा घमघमाट, आणि ही नऊ माणसं मान खाली घालून वरण ओरपणार. तात्यांना मी वीस वर्षं तसं जेवताना पाहिलं. आपला बाप गेल्यावर ज्यांनी आपल्याला वाढवलं, त्यांच्या ताटात एकदा तरी चांगलं काही पडावं, एवढंच माझ्या मनात होतं. म्हणून मी तुला म्हणाले, "माळकऱ्यांची चूल माझ्याकडं दे." तू दिलीस.

डबे मी का नेले, तर माझा त्या मालावर भरवसा होता. पहिला डबा कंपनीत निघाला तेव्हाची गंमत तुला कधी सांगितली नाही. काकासाहेब पैठणकडचे, घरचं सोयाबीन, हौस दांडगी. इंदूरहून वड्या मागवल्या, शिजवल्या, डब्यात भरल्या आणि आम्हा सगळ्या बायांना चाखायला दिल्या. सगळ्या म्हणाल्या, छान आहे साहेब. मी तेव्हा डबे धुणारी. मी म्हणाले, "साहेब, याला आमचं मेंढरू बी तोंड लावायचं नाय." वच्छलाबाईनं मला चिमटा काढला. ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागत होतं, मी काय खोटं बोलू? साहेब म्हणाले, "मग कर तू." मी केलं. मटणाची अर्धी चव मटणात नसतेच, ती भाजलेल्या खोबऱ्यात, करपवलेल्या कांद्यात आणि काळ्या मसाल्यात असते. उरलेली अर्धी चावण्यात असते. वड्या नीट पिळल्या आणि तेलावर कडा लाल होईतो परतल्या, की दाताला धागा लागतो. महिनाभरात काकासाहेबांच्या घरच्या म्हाताऱ्यानं विचारलं की बोकड कुठून आणला.

तर असे माझे डबे. तात्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. मग सगळं ताट संपवलं. मग परत मागितलं. दादा, त्यांना परत मागताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. दुसऱ्यांदा वाढलेलं अर्ध्यावर ठेवून ते उठले. घरी येऊन माळ काढली, देवाच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "जिभंनं दगा दिला. बावीस वर्सांनी चव आठवली." लोक डबा उलटासुलटा करून बघायला लागले. कागदावर लाल रश्श्याचं चित्र होतं. झालं, चित्रात मटण आहे म्हणजे आत मटण आहे. तू म्हणालास, आत काहीबी असू दे, तात्यांचं मन चाळवलं ते तुझ्या डब्यानं.

डब्यात सोयाबीन होतं. हे मी शंभर वेळा लिहीन.

तुझी,
बाना


उस्मानपुरा
१३ ऑक्टोबर १९८९

दादास,

तुझं कार्ड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. साडेतीन वर्षांनी आलेलं कार्ड मी आधी दोन वेळा वाचलं आणि मग पाय धुऊन परत वाचलं. "पत्रं मिळाली. डबे पाठवू नको. मेंढरं बरी आहेत. सूर्यभान." तू सांगितलंस, तात्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर मी कुठंही ओळखीन. निजामाच्या अमलात ते आधी उर्दू शिकले, पोलिस ॲक्शन झाल्यावर मराठी शाळा आली तोवर मिसरूड फुटली होती. अक्षरांवर रेघ द्यायचा कंटाळा तेव्हापासूनचा.

पण कार्डाच्या कडेला, पत्त्याच्या बाजूला, आणखी एक ओळ आहे. बारीक. ती तू सांगितलेली नाहीस, कारण तुला डब्याशी काही कर्तव्य नाही. "डबा उघडल्यावर आतलं पाणी ठेवायचं का टाकायचं?"

म्हणजे चहावाल्याच्या फळीवरून चौथ्या दिवशी नाहीसा झालेला डबा तात्यांनी उचलला आहे. दादा, रागावू नकोस. मी इथं एकटी हसले आणि मग रडले.

तर तात्या, नीट सांगते.

आधी झाकणावर बोटानं वाजवा. झाकण आत बसलेलं आणि आवाज खणखणीत, तर माल चांगला. वर फुगलेलं असेल तर सरळ उकिरड्यावर फेका, मेंढरांनासुद्धा घालू नका. डबा उघडला की पाणी टाकून द्यायचं. त्या पाण्याला डब्याचा वास असतो, तो लोकांना वाटतं सोयाबीनचा. मग कोमट पाण्यात दोनदा खळबळून तळहातात पिळा. फार नाही, ओला सदरा पिळता तसं करू नका, नाहीतर भुगा होईल. तेल तापवून मंद आचेवर परता. घाई केली की बाहेरून करपतं आणि आत पचपचीत राहतं. कांदा निखाऱ्यावर भाजा, खोबरं तव्यावर, आणि वहिनीला सांगा पाट्यावरच वाट. काळा मसाला आणि रस्सा दाट करायला वहिनीच्या हातचं येसर घाला, माझ्या येसरापेक्षा तिचं चांगलं. रस्सा उकळला की वड्या सोडा आणि झाकण ठेवा. बाजरीची भाकरी पाहिजे, चपाती नको. ढवळायला पळी

इथं माझा हात थांबला. पेन ठेवून मी उठले, भांडी घासली, परत बसले. तीन पत्रं मी डब्याबद्दल लिहिली. पळीबद्दल लिहिलं नाही.

तात्या, इथून पुढचं दादाला मोठ्यानं वाचा. तुम्ही गाळाल हे मला माहीत आहे, म्हणून मी सोय केली आहे. तुमचे जावई उद्या फर्दापूरला चहावाल्याकडे निरोप ठेवणार आहेत: सूर्यभानला सांगा, पत्रात पळीचं लिहिलंय, ते ऐकल्याबिगर उठू नको.

पळी एकच होती.

दोन आणल्या होत्या, पण दुसरी कुठंतरी भांड्यांत गेली आणि मी शोधली नाही. मटणाच्या चुलीवर शिजवायला आपल्या वस्तीवरचा भिकन होता. दीडशे माणसाचा हंडा, आणि त्यानं हाक मारली, "बाने, तू चवीची बाई, मीठ बघून जा." दादा, ती हाक मला फार गोड लागली. एवढे बाप्ये चुलीभोवती, आणि मीठ बघायला मला बोलावतात. मी हातातली पळी तशीच घेऊन गेले, हंड्यात बुडवली, तळहातावर रस्सा घेऊन चाखला आणि सांगितलं, "मूठभर कमी हाय." सगळ्यांनी ऐकलं. मी ताठ मानेनं परत आले आणि त्याच पळीनं माळकऱ्यांचं पातेलं ढवळलं.

ढवळल्यावर दिसलं. माझ्या रश्श्यावर तेलाची तर्री लाल होती, तिच्यात पिवळट चरबीची गोल चकंदळं फिरायला लागली. चार-पाच. पातेलं ओतून देता आलं असतं. पण पंगत बसली होती, पत्रावळी मांडल्या होत्या, आणि मागं नुसतं वांगं उरलं असतं. मी परत चाखलं. आणि चव सुधारली होती. हे लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते, पण माझी जीभ खोटं सांगत नाही. मी मनाशी म्हटलं, एवढ्याशानं काय होतं, आणि वाढायला घेतलं.

तात्या उठले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, "बाने, पळी येगळी व्हती ना?" दीडशे माणसांसमोर. मी म्हणाले, "व्हय तात्या."

त्यांनी घरी जाऊन माळ काढली आणि दोष आपल्या जिभेवर घेतला. लोकांनी मानलं, दादा, तूही मानलंस, आणि मी मानू दिलं. तू डब्याला नावं ठेवत होतास आणि मी डब्याची बाजू घेऊन भांडत होते, कारण डब्याची बाजू खरी होती. तेवढ्या खऱ्याच्या आड मी साडेतीन वर्षं लपले.

कंपनीत मी प्रत्येक टेबलाला वेगळी पळी केली आहे, दांड्याला लाल दोरा. नवी बाई चुकली तर मी इतकी कडाडते की वच्छलाबाई म्हणते, हिला पळीचं भूत लागलंय. तिला कारण माहीत नाही. आता तुम्हा दोघांना माहीत झालं.

भाऊबिजेला ये असं आता कोणत्या तोंडानं म्हणू? तरी म्हणते. ये.

बाना


उस्मानपुरा
२५ ऑक्टोबर १९८९

दादास,

बारा दिवस झाले. निरोप तुला पोचला एवढं कळलं. चहावाला म्हणतो, तू ऐकलंस आणि चहा तसाच टाकून निघून गेलास. भरला कप टाकणारा माणूस तू नव्हेस.

मी काकासाहेबांना सुट्टी मागितली. म्हणाले, "दिवाळीत ऑर्डर आहे, तुझ्याशिवाय कोण चाखणार?" मी म्हणाले, "ज्या जिभेवर तुम्ही पेट्या सोडता, ती एकदा फार वाईट खोटं बोलली आहे, तिला तीन दिवस घरी राहू द्या." त्यांना काही समजलं नाही, पण सुट्टी दिली.

मी घाबरले आहे असं समजू नकोस. रव्याचे लाडू वळले, तुझ्या आवडीचे, मनुका न घातलेले. ताट मांडणार आहे. उचलणार नाही असं लिहिलं होतं, आणि ते मी मागं घेत नाही.

मला तुझी आठवण येते दादा. मेंढरं घेऊन परत येताना दुरून ऐकू यायची ती तुझी शीळ ऐकून मला साडेतीन वर्षं झाली.

वाचणाऱ्यांना नमस्कार लिहायचं धाडस आज होत नाही. पायांवर डोकं ठेवते.

बाना


उस्मानपुरा
३ नोव्हेंबर १९८९

भागूवहिनीस,

हे पत्र तुझ्या नावावर आहे. तात्या तुला वाचून दाखवतील. दादा आणि तात्या इथं येऊन गेले ते तू मेंढरांपायी पाहू शकली नाहीस, आणि दादाला विचारशील तर तो म्हणेल, "गेलो, जेवलो, आलो." म्हणून सगळं लिहिते. तात्या, काही गाळायचं नाही.

भाऊबिजेला सकाळी दहाच्या सुमाराला मी दार उघडलं तर दादा उभा. घोंगडी खांद्यावर, पटका नवा. त्याच्यामागं तात्या. वहिनी, मी दादाच्या तोंडाकडं बघायच्या आधी तात्यांच्या गळ्याकडं पाहिलं. गळा मोकळा होता.

मी म्हणाले, "आत ये दादा." तो म्हणाला, "शपथ मोडायची नाय. आधी तात्यांचं काम कर." आणि उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला.

तात्या आत आले, स्वयंपाकघरात गेले, ओट्याजवळ पाट ओढून बसले. पिशवीतून डबा काढला. तोच, मी पाठवलेला, न उघडलेला. मग फडक्यात गुंडाळलेली एक लोखंडी पळी काढली, कोरी, लोहाराकडून नुकती आणलेली. दोन्ही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "उघड. माझ्यासमोर."

मी झाकणावर बोट वाजवलं. त्यांनीही वाजवून पाहिलं आणि मान हलवली. मग मी पत्रात लिहिलं होतं तसं एकेक केलं. पाणी टाकलं, वड्या पिळल्या, परतल्या, कांदा भाजला. त्यांची नजर माझ्या हातावरून हलत नव्हती. कंपनीत सरकारी माणूस तपासायला येतो तेव्हाही माझा हात चुकत नाही, पण त्या दिवशी खोबरं भाजताना हाताला चटका बसला.

बाहेर दादाचं वेगळंच. आमच्या गल्लीत दिवाळीला माणसांची ये-जा, आणि हा दारात खांबासारखा उभा. शेजारच्या लक्ष्मीबाईनं खुर्ची आणून दिली. म्हणाला, "नगं." चकल्यांची ताटली दिली. म्हणाला, "आत गेल्यावर." तिनं विचारलं, "मग आत कवा जानार?" म्हणाला, "शिजल्यावर." ती मला अजून विचारते आहे की तुझा भाऊ भुकेला होता की रुसलेला.

रस्सा उकळत असताना मी तात्यांना विचारलं. चार पत्रांत विचारू शकले नाही ते: "तुमाला कवा कळलं?" म्हणाले, "मला त्याच दिशी कळलं व्हतं. चरबी जिभंला लपती व्हय? आन् तुझं तोंड बी कळत व्हतं."

"मग तवाच बोलायचं व्हतं तात्या."

"शंभर-दीडशे मान्सात? माळकऱ्याला बाटवलं म्हनून तुला परत माहेरी तोंड दाखवता आलं असतं का?"

मी म्हणाले, "तसं बी कुठं आलं."

ते म्हणाले, "चुकून पोटात गेलं ते देव पोटात घालतो गं. त्याच्यासाठी म्या माळ नाय काढली. तू खोटं बोललीस, मला ठाऊक असून म्या व्हय धरलं, वर जिभंवर ढकलून आनखी एक खोटं सांगितलं. अशा मान्साच्या गळ्यात माळ कशी ठिवायची? तू खरं सांगितल्याबिगर मला खरं सांगता येत नव्हतं. आन् तू तर डब्याचंच गानं गात व्हतीस."

वहिनी, मी इतकी वर्षं समजत होते की मी त्यांचा नेम मोडला. नेम त्यांनी माझ्यासाठी मोडला होता. त्या ओट्यापाशी मी जी रडले, ती रश्श्यावर झाकण ठेवूनच रडले, तेवढी शुद्ध होती.

त्यांच्या पळीनं वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, घास घेतला, सावकाश चावला. मी बघत होते. चवीच्या टेबलावर मी लोकांचा जीव टांगते, त्या दिवशी माझा टांगला होता.

म्हणाले, "बरंय."

मी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

म्हणाले, "त्या दिसाची सर नाय."

मी म्हणाले, "नाय तात्या. चरबी नाय त्याच्यात."

"आता खरं बोललीस," म्हणाले, आणि वहिनी, हसले. सगळं ताट संपवलं. परत मागितलं नाही. हात धुतला, कोपरीच्या खिशातून माळ काढली आणि देवाकडं तोंड करून स्वतःच्या हातानं गळ्यात घातली. मला वाटलं होतं काहीतरी म्हणतील, अभंग वगैरे. ते दाराकडं बघून ओरडले, "सूर्यभान, ये की आता, पाय मोडले असतील."

तुझा नवरा उंबरा चढला. पाटावर बसला. मी ओवाळलं तर डोळ्यांतून पाणी, आणि म्हणतो काय, "कांदा लई भाजलास, डोळ्यात गेला." मग सात लाडू खाल्ले. रस्सा चाखून म्हणाला, "याला काय मटण म्हनत्यात व्हय?" आणि तीन भाकऱ्यांशी संपवला. तू विचार, नाही म्हणेल.

तात्यांनी निघताना सगळं पिशवीत भरलं, रिकामा डबासुद्धा, रोपाला होईल म्हणून. पळी मात्र ओट्यावर राहिली. मी स्टँडपर्यंत धावत घेऊन गेले. एसटीच्या खिडकीतून मी ती पुढं केली, तर दादानं हातसुद्धा बाहेर काढला नाही. म्हणाला, "यंदा मेंढरं वाढली. माघात कंदुरी हाय. माळकऱ्यांची चूल तुझी. येताना घेऊन ये."

पळीच्या दांड्याला मी लाल दोरा बांधला आहे आणि ओट्यावरच्या खिळ्याला अडकवली आहे. काल तुझ्या नणंदेच्या नवऱ्यानं आमटी वाढायला तिच्याकडं हात नेला. मी म्हणाले, लावून तर बघा.

तुझी,
बाना